ठिपकेदार पतंग आणि खुळखुळ्याचे विष

भाद्रपद सरत आला, पावसाची झड ओसरली आणि दिवसाकाठी दोन-चार तास उघडीप पडू लागली, की माळावर, रस्त्याच्या कडेला आणि पडीक शेतांत खुळखुळ्याची झुडपे पिवळ्या फुलांनी भरून जातात. अशा झुडपांजवळून जाताना पायाशी एखादा पांढुरका कपटा उडाल्यासारखा भासतो. तो चार-पाच हात पुढे जातो आणि गवताच्या पात्यावर बसतो. आपण आणखी पुढे सरकलो की पुन्हा उडतो, पुन्हा बसतो. हळूच वाकून पाहिले तर कळते, की हा कपटा नसून एक देखणा पतंग आहे. पंख अंगाभोवती घट्ट लपेटून तो सडपातळ होऊन बसलेला असतो. त्याच्या दुधी पांढऱ्या पंखांवर लाल आणि काळ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात. कोणी कुंकवाची काडी एका हातात आणि काजळाची दुसऱ्या हातात घेऊन सावकाश ठिपके देत बसावे, तशा. दोन पतंगांचे ठिपके कधी तंतोतंत सारखे नसतात. उडताना मागचे पंख उघडतात, तेव्हा त्यांची वेडीवाकडी काळी किनार क्षणभर दिसते आणि पुन्हा मिटते.

त्याचे शास्त्रीय नाव युटेथाइसा पुल्चेल्ला. कार्ल लिनिअसने १७५८ साली त्याचे वर्णन केले आणि त्याला पुल्चेल्ला, म्हणजे लॅटिन भाषेत ‘गोजिरा’, असे विशेषण दिले. शास्त्रज्ञांनी दिलेल्या नावांत इतके मायेचे नाव क्वचितच आढळते. पंख पसरले असता याची रुंदी तीन-चार सेंटिमीटरच भरते. आफ्रिका, दक्षिण युरोप, पश्चिम आशिया आणि भारत एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात तो आढळतो. तो चांगला प्रवासीही आहे. दक्षिणेकडून उबदार वारे वाहू लागले की काही पतंग इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. आपल्याकडे त्याचा लोट्रिक्स नावाचा एक भाऊबंदही आहे. तो इतका हुबेहूब दिसतो, की नुसत्या नजरेने दोघांत फरक करण्याच्या फंदात आपण न पडलेले बरे.

या सदराच्या वाचकांना हा पतंग मुद्दाम दाखवावासा वाटतो, त्याचे एक साधे कारण आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना फुलपाखरांचा पाठलाग जमत नाही. हा पतंग मात्र भर दिवसा उडतो आणि जवळच बसतो. काठी टेकत चालणाऱ्या माणसाचीही तो वाट पाहतो म्हणावे. सकाळी दव वाळल्यावर, पायवाट न सोडता, बंद बूट घालून पंधरा-वीस मिनिटे फिरले तरी दोन-तीन पतंग सहज दिसतात. गवतात मात्र उतरू नये. या दिवसांत तेथे सापाचे भय असते. सोबत कोणी असेल तर त्यांनी झुडपाला हलकेच धक्का द्यावा, ज्येष्ठांनी वाटेवर उभे राहून पाहावे.

इंग्रजीत या पतंगाच्या गणगोताला ‘टायगर मॉथ’ म्हणतात, म्हणजे वाघ-पतंग. गंमत अशी, की या उपकुळाच्या शास्त्रीय नावात वाघ नसून अस्वल आहे. आर्क्टिइनी हा शब्द अस्वल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, कारण यांच्या अळ्या केसाळ असतात. आपल्या लोकांनी वाघ-अस्वलाच्या भानगडीत न पडता त्यांना सुरवंट म्हटले आणि त्यांच्यापासून चार हात दूर राहण्याचा शहाणपणा दाखवला.

आता ज्या झुडपाभोवती हा पतंग घुटमळतो त्या झुडपाकडे वळू. खुळखुळा हे नाव कानाने ठेवलेले नाव आहे. शेंगा वाळल्या की आत सुटलेल्या बिया वाऱ्याने वाजतात, आणि तान्ह्या मुलाच्या हातातले खेळणे आठवते. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव क्रोटालारिया. तेही खुळखुळ्यासारख्या वाद्याच्या ग्रीक नावावरून आले आहे. शेपूट वाजवणाऱ्या अमेरिकी रॅटल सापाच्या प्रजातीचे क्रोटालस हे नावही त्याच मुळातले. दोर आणि गोणपाटासाठी लावला जाणारा, हिरवळीचे खत म्हणून शेतात गाडला जाणारा ताग हा खुळखुळ्याचाच सख्खा भाऊ. मादी पतंग या झुडपांच्या पानांवर अंडी घालते. ओलाव्याच्या जागी वाढणारी, विंचवाच्या नांगीसारखा वळलेला तुरा असणारी भुरुंडीही तिच्या जातभाईंना चालते.

अंडी फुटून काही दिवसांत बाहेर पडणारी अळी काळसर करड्या रंगाची असते. अंगावर पांढरे पट्टे, त्यांत नारिंगी-तांबडे ठिपके आणि विरळ केस. लपण्याची तिला मुळीच घाई नसते. उन्हात, पानाच्या वरच्या बाजूस, सर्वांना दिसेल अशी ती खात बसते. आधी पाने, मग फुले आणि शेंगा धरल्या की त्यांना भोक पाडून ती थेट हिरव्या बियांपर्यंत जाते. तागाचे बी धरणारे शेतकरी तिला चांगलेच ओळखतात आणि तिच्याविषयी फारसे चांगले बोलत नाहीत. बियांकडेच तिची एवढी ओढ का, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. तिला तेथे अन्न तर मिळतेच. पण अन्नाबरोबर ती विषही गोळा करते.

खुळखुळ्याच्या अंगी पायरोलिझिडीन अल्कलॉइड या नावाने ओळखली जाणारी कडू द्रव्ये असतात आणि बियांत ती सर्वांत अधिक असतात. झाडाने ती आपल्या रक्षणासाठी तयार केली. बहुतेक कीटक आणि जनावरे त्यांच्या कडवटपणामुळे झुडपाला तोंड लावत नाहीत. ठिपकेदार पतंगाच्या पूर्वजांनी मात्र हे विष पचवण्याची, किंबहुना न पचवता साठवून ठेवण्याची, कला साधली. अळीने गोळा केलेले विष कोषावस्थेतून पार होऊन प्रौढ पतंगाच्या शरीरात येते. म्हणून त्याला लपावे लागत नाही. ते लाल-काळे ठिपके म्हणजे नटवेपणा नव्हे. ‘मला खाल तर पस्तावाल’ अशी ती पाटी आहे.

या पाटीची सत्यता ज्यांनी पारखली, त्यांत अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी जेरॉल्ड माइनवाल्ड यांची नावे अग्रभागी येतात. आयस्नर १९२९ साली बर्लिनमध्ये जन्मले, बालपण युरुग्वेमध्ये गेले आणि हयात अमेरिकेत, कीटकांची रासायनिक भाषा समजून घेण्यात गेली. त्यांनी अभ्यासलेला पतंग आपल्या पतंगाचा अमेरिकी भाऊ, युटेथाइसा ऑर्नाट्रिक्स. फ्लोरिडात तोही खुळखुळ्यावरच वाढतो. तेथील मोठ्या सोनेरी कोळिणीच्या जाळ्यात हा पतंग पडला की एरवी भक्ष्यावर तुटून पडणारी ती कोळीण जवळ येते, त्याला चाचपते आणि मग जाळ्याचे धागे एकेक करून तोडून त्याला मोकळे करते. पतंग खाली पडतो आणि उडून जातो. संशोधकांनी काही अळ्या खुळखुळ्यावर न वाढवता अल्कलॉइड नसलेल्या कृत्रिम अन्नावर वाढवल्या. त्यांपासून झालेले पतंग दिसायला तसेच, ठिपकेही तेच. पण कोळिणीने ते खाऊन टाकले. ठिपक्यांमागे विष नसेल तर ठिपके उपयोगी पडत नाहीत, एवढे त्यावरून उघड झाले.

पुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. मीलनाच्या वेळी नर आपल्या पोटाच्या टोकाशी असलेले केसांचे दोन झुबके फुलवतो आणि त्यांतून एक गंध सोडतो. हा गंध त्याच अल्कलॉइडपासून बनतो, त्यामुळे ज्याच्याजवळ साठा अधिक त्याचा गंधही अधिक. मादी त्यावरून नराची पारख करते. मीलनात नर तिला बीजाबरोबर पोषक द्रव्ये आणि विषाचा वाटाही देतो. ही भेट त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी असते. मादी त्यात आपल्याजवळचे विष मिसळते आणि सर्व अंड्यांत वाटून देते. मुंग्या आणि चित्रांग भुंगेरे मग त्या अंड्यांना तोंड लावत नाहीत. हिला हुंडा म्हणणे चुकीचे होईल, कारण देणे वराकडून वधूला आहे. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचे तर हे स्त्रीधन, आणि ते शेवटी लेकरांच्याच कामी येते.

विष अंगात बाळगून हे पतंग स्वतः कसे वाचतात? त्याचे उत्तर रसायनशास्त्रातले असले तरी समजायला कठीण नाही. ही अल्कलॉइडे दोन रूपांत वावरतात. एक मोकळे रूप, जे पेशींच्या आवरणातून सहज आत शिरते. दुसरे प्राणवायूशी जोडलेले रूप, जे पाण्यात विरघळून राहते, पण पेशींत सहजी घुसत नाही. वाघ-पतंगांच्या अळ्यांच्या शरीरद्रवात एक खास विकर, म्हणजे एन्झाइम, असते. मोकळे रूप दिसताच ते त्याला प्राणवायूची जोड देऊन निरुपद्रवी रूपात बदलते. म्यानात घातलेली तलवार जवळ बाळगावी, तसा हा प्रकार आहे.

आपल्या शरीरात नेमके उलटे घडते. खुळखुळ्याचे बी पोटात गेले की आतड्यातील जिवाणू म्यान काढून टाकतात आणि मोकळे अल्कलॉइड रक्तातून यकृतात पोहोचते. यकृताचे काम परक्या द्रव्यांवर प्रक्रिया करून ती बाहेर टाकण्याचे. एरवी ते हे काम चोख करते. पण या द्रव्यावर प्रक्रिया करताना त्याच्याच हातून अधिक जहाल पदार्थ तयार होतो आणि तो तेथल्या तेथे प्रथिनांना व जनुकद्रव्याला चिकटतो. यकृतातील अतिसूक्ष्म रक्तमार्गांचे अस्तर सोलवटते, बारीक नीला बुजत जातात, रक्त पुढे सरकत नाही आणि पोटात पाणी साठू लागते. थोडे थोडे विष दीर्घकाळ जात राहिले तर यकृत आक्रसून सिरॉसिस होतो. दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसाला यकृताचा असा आजार होतो, तेव्हा नातलग चक्रावतात. त्यामागची जी अनेक कारणे असू शकतात, त्यांत हे एक आहे.

हा केवळ पुस्तकातला धोका नाही. आपल्या शेजारच्या सरगुजा जिल्ह्यात, जो तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आज छत्तीसगडमध्ये आहे, १९७०च्या दशकाच्या मध्यास जलोदराची साथ पसरली. पोटे फुगलेली, हातपाय काड्यांसारखे, आणि एकाच घरातली माणसे एकामागून एक आजारी. १९७६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बी. एन. टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात नोंदवलेल्या ६७ रुग्णांपैकी २८ दगावले होते. तेथील गरीब लोकांचे अन्न होते गोंदली, म्हणजे आपल्या वरई-सावा यांच्या जातीचे बारीक तृणधान्य. त्या धान्यात क्रोटालारियाच्या एका रानटी जातीचे बी मिसळलेले आढळले. पिकाच्या जोडीने शेतात खुळखुळा उगवला, पिकाबरोबर कापला गेला, मळला गेला आणि भांड्यात शिजला. साथीचा रोग म्हणून ज्याकडे पाहिले जात होते, तो संसर्ग नव्हताच. ते ताटातले विष होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही या जलोदराचा माग घेतला आणि तेही या बियांपर्यंतच पोहोचले.

त्याच सुमारास अफगाणिस्तानात हेरातजवळच्या गुलरान भागात अशीच आपत्ती ओढवली. दोन वर्षांच्या अवर्षणानंतर गव्हात भुरुंडीच्या जातीच्या तणाचे बी मोठ्या प्रमाणात मिसळले गेले. तपासलेल्या सुमारे ७,२०० रहिवाशांपैकी २२.६ टक्के लोकांत यकृतविकाराची लक्षणे आढळली. जमैका बेटावर तर यापूर्वीच, १९५४ साली, डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले होते. तेथे धान्याचा प्रश्न नव्हता. खुळखुळ्यासारख्या झुडपांच्या पानांचा ‘बुश टी’, म्हणजे घरगुती काढा, आजारी मुलांना प्रेमाने पाजला जात असे. मला या तीन घटनांत ही शेवटची सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. दुष्काळात माणूस मिळेल ते खातो, त्याला निवड नसते. हा काढा मात्र आजी-आईच्या हातचा होता.

आपल्याकडच्या घरांतही काढ्याचे पातेले आणि चूर्णाच्या पुड्या असतात, आणि त्यांतले पुष्कळसे चांगलेच असते. आले, तुळस, गवती चहा यांना कोणी दोष देणार नाही. आक्षेप आहे तो ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ या समजुतीला. झाडाने विष तयार केले ते काही पतंगापुरते नव्हे. आयुर्वेदाला ही गोष्ट पूर्ण ठाऊक होती. खुळखुळ्याच्या जातीची शणपुष्पी चरकसंहितेत येते ती वमनासाठी, म्हणजे उलटी करवण्यासाठी, सांगितलेल्या मुळांच्या यादीत. जे द्रव्य वैद्य आपल्या देखरेखीत, पोट रिकामे करण्यासाठी वापरतात, ते कोणाच्या तरी सांगण्यावरून रोज सकाळी घ्यायचे पेय होऊ शकत नाही. कॉम्फ्री या युरोपीय वनस्पतीची पाने आणि मुळेही सांधेदुखीवर पोटात घेतली जात. तिच्यातही हीच अल्कलॉइडे असल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली उत्पादकांना ती पूरक आहारांतून काढून घेण्यास सांगितले. कॉम्फ्री, भुरुंडी आणि गावजबान या नावाने विकल्या जाणाऱ्या वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. त्यातही गावजबान या एका नावाखाली बाजारात निरनिराळी पाने येतात. नाव ओळखीचे म्हणून पान ओळखीचे असतेच असे नाही.

घरातील वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांनी म्हणून एक काम आजच करावे. आजोबा किंवा आजी जे जे घेतात, त्या सर्वांची एका कागदावर नोंद करावी: डॉक्टरांच्या गोळ्या, वैद्यांची चूर्णे, शेजाऱ्यांनी आणून दिलेली पाने, सगळे. हे विचारताना दरडावू नये. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून काढ्याचा उल्लेखच टाळतात आणि नेमकी तीच माहिती हुकते. फिट्सवर दिले जाणारे फिनोबार्बिटोनसारखे औषध यकृतातील विकरांचा वेग वाढवते. अशा व्यक्तीला हे विष अधिक बाधू शकते. ज्यांना आधीच यकृताचा विकार आहे त्यांनी, आणि लहान मुलांनी, अनोळखी झाडपाला पोटात घेऊच नये. भुरुंडीचा पाला जखमेवर चोळण्याची पद्धत काही गावांत आहे. उघड्या जखमेसाठी स्वच्छ पाणी आणि साबण अधिक बरे.

लक्षणे कोणती, असे कोणी विचारील. उजव्या बरगडीखाली दुखणे, भूक मंदावणे, उलट्या आणि काही दिवसांतच वाढत जाणारा पोटाचा घेर. कावीळ सुरुवातीस दिसेलच असे नाही, म्हणून डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नये. धोतराची गाठ किंवा परकराची नाडी आठवड्याभरात आखूड पडू लागली, खाणे कमी असूनही वजन वाढले, पावलांवर सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जाताना घेत असलेल्या चूर्णाची पुडी किंवा पानाची डहाळी सोबत न्यावी. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीवरून पुष्कळ उलगडा होतो, पण संशयाची दिशा घरच्यांकडूनच मिळते. या विषावर खास उतारा नाही. विष थांबवणे हाच पहिला उपचार, आणि तो जितका लवकर तितके यकृत सावरण्याची शक्यता अधिक.

धान्याविषयीही थोडे सांगायला हवे, कारण वरई, राळा, सावा यांना सध्या पुन्हा चांगले दिवस आले आहेत. मधुमेही आणि ज्येष्ठ व्यक्तींच्या आहारात ती येत आहेत, आणि ते स्वागतार्हच आहे. पण सुटे, गावाकडून आलेले बारीक धान्य निवडल्यावाचून शिजवू नये. खुळखुळ्याचे बी गुळगुळीत, चकचकीत, एका बाजूस खाच असलेले, साधारण मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. ताटात धान्य पसरून उजेडात पाहिले की ते वेगळे दिसते. डोळ्यांनी अधू असलेल्यांवर हे काम सोपवू नये. नातवंडांना जवळ बसवून त्यांच्याकडून करून घ्यावे. त्याच नातवंडांना वाळक्या शेंगा वाजवायला खुशाल द्याव्यात, पण जी बाळे हाती लागेल ते तोंडात घालतात त्यांना नको. काही भागांत तागाच्या फुलांची भाजी करतात. कधीमधी खाल्लेल्या फुलांचा बाऊ करण्याचे कारण नाही, मात्र शेंगा आणि बिया भाजीत येऊ देऊ नयेत, आणि यकृताच्या रुग्णाने तिच्या वाटेस न गेलेले बरे.

राहिला प्रश्न अळीच्या केसांचा. आपल्या ठिपकेदार पतंगाच्या अळीचे केस विरळ असतात. तिचे काही आप्त मात्र दाट केसांचे असतात आणि त्यांचा स्पर्श झाला की अंगाला खाज सुटते, गांधी उठतात. वाळत घातलेल्या कपड्यांतून हे केस अंथरुणापर्यंत येतात. वयोवृद्धांची त्वचा पातळ असते, खाजवले की लगेच सोलवटते आणि जखम चिघळते. म्हणून चोळू नये. चिकटपट्टीचा तुकडा हलकेच लावून उचलावा, म्हणजे केस तिला चिकटून निघतात. असे दोन-तीनदा नव्या तुकड्याने करावे. पण त्वचा फारच नाजूक असेल तर पट्टी न लावता नुसते पाणी सोडावे. मग साबणाने धुऊन गार पाण्याची घडी ठेवावी आणि कपडे बदलावेत. डोळ्यात केस गेला तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, बोटाने काही काढू पाहू नये आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

हाच पतंग रात्रीही दिव्याकडे येतो. ओसरीवर किंवा गॅलरीत तो भिंतीला चिकटून बसलेला दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. त्याला दंश नाही; तो फुलातला मध तेवढा पितो. शालींना आणि स्वेटरांना भोके पाडणारी कसर निराळी. तिच्याशी याचा संबंध नाही. पण त्याला हाताने धरू नये. डिवचले असता त्याचा अमेरिकी भाऊ मानेजवळून फेसाळ द्रव सोडतो आणि त्यात तेच कडू अल्कलॉइड असते. त्याच्यावर पेला पालथा घालावा, खालून पोस्टकार्डासारखा जाड कागद सरकवावा आणि बाहेर नेऊन झुडपावर ठेवावे. दिवा मालवला की तो थोड्या वेळाने आपण होऊन निघून जातो.